हायब्रिड गाडीची बटणे मराठीतून समजावून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटार दोन्ही असलेल्या, गाड्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात किंमत, एका लिटरमागे मिळणारे किलोमीटर आणि कर यांचीच चर्चा मुख्यतः असते. गाडीत बसल्यावर डोळ्यांसमोर जी बटणे, जे दिवे आणि जो गिअरचा दांडा येतो त्यांचा अर्थ काय आणि ते तसे का आहेत, हे समजावून सांगणारे लेखन मला क्वचितच आढळले. ही उणीव किरकोळ नाही, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून मी एकतीस वर्षे काम केले. गेल्या दिवाळीत माझ्या मुलाने हायब्रिड गाडी घेतली. लग्नसराईत पाहुण्यांना स्टेशनवरून आणण्यासाठी आम्ही गावातील एका अनुभवी चालकांना बोलावले. त्यांनी पंचवीस वर्षे जीप आणि ट्रॅक्स घाटांतून चालवली आहे आणि त्यांच्या हाताखाली अनेक मुले गाडी शिकली आहेत. त्यांनी ब्रेक दाबून सुरू करण्याचे बटण दाबले, परंतु आवाज काहीच झाला नाही. दांडा ‘डी’वर, म्हणजे पुढे जाण्याच्या गिअरवर, घेऊन पाहिला, तरीही गाडी शांतच. बॅटरी उतरली असावी असा अंदाज करून बॉनेट उघडण्यासाठी त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला आणि दार उघडले. गाडी त्या वेळी पूर्णपणे सुरू होती. ती हळूहळू पुढे सरकली आणि समोर उभ्या असलेल्या मोटारसायकलीला दाबून कुंपणाला टेकली. सुदैवाने मध्ये कोणी नव्हते. त्या ठिकाणी दोनच मिनिटांपूर्वी माझी सहा वर्षांची नात उभी होती, हे आठवले की आजही जिवाचा थरकाप होतो.

त्या चालकांची यात चूक होती, असे मला मुळीच वाटत नाही. इंजिनाचा आवाज आणि हादरा ही गाडी सुरू झाल्याची खूण, हे ज्ञान त्यांनी आयुष्यभराच्या कामातून मिळवले होते आणि प्रत्येक गाडीत ते खरे ठरले होते. नव्या गाडीने ती खूण काढून घेतली आणि तिच्या जागी डॅशबोर्डवर हिरव्या रंगाची चार-पाच इंग्रजी अक्षरे ठेवली. हा बदल झाला आहे, हे त्यांना सांगणे कोणाचे तरी काम होते आणि ते कोणीही केले नाही. त्यात मीही आलो, कारण किल्ली त्यांच्या हातात मीच दिली होती.

ही चार-पाच अक्षरे म्हणजे ‘रेडी’ हा दिवा. हायब्रिड गाडीत सुरू करण्याचे बटण प्रत्यक्षात इंजिन सुरू करीत नाही. ते संगणकाला जागे करते आणि मोठ्या बॅटरीचा विद्युतप्रवाह विजेच्या मोटारीकडे जोडून देते. इंजिनाची गरज आहे की नाही, हे त्यानंतर गाडी स्वतः ठरवते. बॅटरी पुरेशी भरलेली असेल आणि इंजिन गरम करण्याची निकड नसेल, तर ते बंदच राहते. ब्रेक न दाबता हेच बटण दाबले, तर बहुतेक गाड्यांत पहिल्या वेळी रेडिओसारखी उपकरणे चालू होतात आणि दुसऱ्या वेळी डॅशबोर्ड उजळतो, पण गाडी चालण्याच्या स्थितीत येत नाही. त्यामुळे डॅशबोर्ड उजळला म्हणजे गाडी सुरू झाली असे नाही आणि आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे असेही नाही. ‘रेडी’ हा दिवा स्थिर पेटलेला असेल, तर गाडी सुरू आहे आणि ‘डी’ किंवा ‘आर’वर (मागे जाण्याच्या गिअरवर) दांडा असताना ब्रेक सोडला की ती सरकणार. हायब्रिड गाडीबद्दल एकच गोष्ट शिकवायची असेल, तर मी ही शिकवीन.

डॅशबोर्डवरील दिव्यांच्या रंगांनाही नियम आहे. वाहनांतील चिन्हांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २५७५ या क्रमांकाचे. त्यानुसार लाल म्हणजे धोका, पिवळा किंवा नारिंगी म्हणजे सावधगिरी आणि हिरवा म्हणजे यंत्रणा नेहमीप्रमाणे काम करीत आहे. इंग्रजी वाचता न येणाऱ्या चालकालाही एवढे रंग सांगितले, तर अर्धी भीती जाते.

गाडीचा ताबा घेण्याच्या दिवशी आम्हाला काय सांगितले गेले, हेही नोंदवतो. विक्रेत्याचे नाव घेत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. हार घातला, पेढे दिले, मोठी प्रतीकात्मक किल्ली हातात देऊन छायाचित्र काढले आणि त्यानंतरच्या वीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटे मोबाइल फोन पडद्याला कसा जोडायचा, छत कसे उघडायचे आणि आतील रंगीत दिवे कसे बदलायचे यात गेली. दांड्यावरील ‘बी’ या अक्षराविषयी मी मुद्दाम विचारले. “बी म्हणजे बॅटरी, यात गाडी जास्त चार्ज होते, शहरात हेच वापरा,” असे उत्तर मिळाले. सांगणारा तरुण नम्र आणि कामसू होता. त्यालाही कोणी नीट शिकवले नव्हते, एवढेच त्यातून दिसले. माहितीपुस्तक इंग्रजीत होते आणि जाडजूड होते. माझ्या मुलाने ते आजवर उघडलेले नाही आणि आमच्या चालकांना ते वाचता येणार नाही.

‘बी’ हे अक्षर ब्रेक या शब्दाचे आहे. ते नीट समजण्यासाठी आधी डॅशबोर्डवरील त्या सुईकडे पाहावे लागते, जी जुन्या गाड्यांतील इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याच्या जागी आली आहे. तिच्या तबकडीचे साधारण तीन भाग असतात: ‘चार्ज’, ‘इको’ आणि ‘पॉवर’. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सुई ‘इको’तून ‘पॉवर’कडे जाते आणि पाय उचलला किंवा ब्रेकला हलका स्पर्श केला की ती उलट ‘चार्ज’कडे झुकते. ‘चार्ज’मध्ये असताना चाके मोटारीला फिरवत असतात आणि मोटार जनित्र बनून बॅटरीत वीज भरत असते. साध्या गाडीत ब्रेक दाबताना जी ऊर्जा ब्रेकच्या पत्र्यांवर उष्णता होऊन वाया जाते, तिचा काही भाग येथे परत मिळतो. हायब्रिड गाडीची सारी किफायत मुख्यतः याच एका क्रियेवर आणि इंजिन त्याच्या सोयीच्या वेगाला चालवण्यावर उभी आहे. ती सुई पाहत गाडी चालवायला शिकलेला माणूस आठवडाभरात ब्रेक आधी, हळू आणि लांबवर दाबू लागतो. चाळीस वर्षे इंजिने उघडून पाहिलेल्या माझ्यासारख्याला या सुईने जितका आनंद दिला, तितका अलीकडे कोणत्याही यंत्राने दिलेला नाही. सिग्नलला गाडी थांबत असताना सुई ‘चार्ज’मध्ये स्थिर ठेवणे हे एक कौशल्य आहे आणि ते मुलांना शाळेत शिकवावे इतके सुंदर आहे.

आता ‘बी’. आमच्या सातारा जिल्ह्यात याचे महत्त्व कोणाही चालकाला सांगावे लागू नये. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारा रस्ता जवळजवळ चाळीस किलोमीटरचा आहे आणि त्यात गाडी बाराशे मीटरच्या आसपास खाली येते. माणसांसह दीड टन वजनाची गाडी एवढी खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिचा हिशेब विजेच्या बिलाच्या भाषेत केला तर तो जवळजवळ पाच युनिट भरतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या हायब्रिड गाड्यांची मोठी बॅटरी ०.७६ युनिटची, म्हणजे पाऊण युनिटची आहे. तीही कधी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू दिली जात नाही. रस्त्याचे आणि हवेचे घर्षण काही भाग खाते हे खरे, परंतु उरलेली ऊर्जा बॅटरीत मावण्यासारखी नाही. घाट अर्धाही उतरला नसेल तेव्हा बॅटरी भरते. मोटारीचे ब्रेकिंग मंदावते आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की ते पकडत नाहीत, हे घाटातील चालकांना माहीत आहे. ‘बी’मध्ये ही जास्तीची ऊर्जा इंजिन फिरवण्यात खर्च केली जाते. इंजिनात इंधन जात नाही, नुसते फिरणारे इंजिन गाडीला मागे ओढते. त्या वेळी इंजिनाचा मोठा आवाज येतो, म्हणून अनेकांना गाडी बिघडली असे वाटते. ती बिघडलेली नसते, ती आपले काम करीत असते.

“ज्या गिअरवर चढायचे त्याच गिअरवर उतरायचे,” हा नियम आपल्या जुन्या चालकांनी पिढ्यान् पिढ्या पाळला. ‘बी’ म्हणजे त्या नियमाची हायब्रिड गाडीतील आवृत्ती, एवढे एक वाक्य आमच्या चालकांना सांगितले आणि ते त्यांना तत्काळ पटले. याउलट शहरात सतत ‘बी’ ठेवून चालवले, तर विनाकारण गाडी अडते आणि इंधन वाढते. म्हणजे विक्रेत्याचा सल्ला नेमका उलटा होता. काही कंपन्यांच्या गाड्यांत ‘बी’ची रचना थोडी निराळी असते आणि होंडा सिटीच्या हायब्रिड गाडीत स्टिअरिंगमागे दोन पात्यांसारखे खटके देऊन हे ओढणे कमीजास्त करण्याची सोय केली आहे. ते खटके गिअर बदलण्याचे आहेत असे समजून वापरणारे लोक मी पाहिले आहेत. उतारावर गाडीला आवर घालणे हा हेतू मात्र दोन्हीकडे एकच आहे.

न्यूट्रलचाही येथेच उल्लेख केला पाहिजे, कारण उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडून इंधन वाचवण्याची एक घातक सवय आपल्याकडे आहे. ती कोणत्याही गाडीत चुकीचीच, परंतु हायब्रिड गाडीत ती दुहेरी नुकसान करते. ‘एन’वर मोटार चाकांपासून वीज घेत नाही, त्यामुळे उतारावर फुकट मिळणारी वीज तर जातेच आणि गाडीला मागे ओढणारे बळही जाते. सिग्नलवर किंवा वाहतूक खोळंब्यात बराच वेळ ‘एन’वर गाडी ठेवली, तर इंजिन चालू असले तरी मोठी बॅटरी भरली जात नाही आणि ती उतरत जाते. थांबायचे असेल तर ‘पी’ (पार्किंग) किंवा ब्रेक दाबून ‘डी’ योग्य. ‘एन’ फक्त गाडी ढकलून थोडी हलवण्यासाठी. आणि बंद पडलेली हायब्रिड गाडी धक्का मारून सुरू होत नाही, तसेच पुढची चाके जमिनीवर ठेवून ती लांब ओढून नेऊ नये. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत चाके फिरली की मोटार फिरते आणि वीज तयार होते.

‘ईव्ही’ हे बटण सर्वांत जास्त निराशा करते. त्यावरील अक्षरे वाचून गाडी केवळ विजेवर चालेल असे वाटते आणि दाबल्यावर बऱ्याचदा एक सूचना येऊन ते नाकारले जाते. बॅटरी पुरेशी भरलेली नसणे, वेग जास्त असणे, चढ असणे किंवा अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबलेला असणे, यांपैकी कोणतेही कारण त्याला पुरते. ज्या हायब्रिड गाडीला बाहेरून वीज भरण्याची सोय नाही, तिच्या बॅटरीतील बहुतेक वीज शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते आणि या बटणावर गाडी फार तर एक-दोन किलोमीटर चालते. त्याचा खरा उपयोग पहाटे सोसायटीतून कोणाची झोप न मोडता बाहेर पडण्यासाठी किंवा बंद वाहनतळात गाडी हलवण्यासाठी आहे. इंधन वाचवण्यासाठी ते दाबण्याची गरज नाही. ते काम गाडी न सांगता, आपल्यापेक्षा चांगले करीत असते. ‘इको’ आणि ‘पॉवर’ या बटणांविषयी फार लिहिण्यासारखे नाही: पहिल्याने अ‍ॅक्सिलरेटर सौम्य होतो आणि एसी थोडा आवरला जातो, दुसऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर तीक्ष्ण होतो. इंजिनाची ताकद दोन्हींत तेवढीच राहते.

एसीची एक बाब मात्र सांगितली पाहिजे. या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर मोठ्या बॅटरीवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही गार हवा येते. परंतु त्यासाठी ‘रेडी’ पेटलेला असावा लागतो. नुसता डॅशबोर्ड उजळवून बसले, तर पंखा फिरतो, गारवा येत नाही आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरते. ही छोटी बॅटरी हायब्रिड गाडीतही असते, हे अनेकांना ठाऊकच नसते. संगणक, दिवे आणि दारांची कुलपे तिच्यावर चालतात. ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही ‘रेडी’ पेटत नाही. अशा वेळी दुसऱ्या गाडीवरून तारा जोडण्याच्या जागा आणि क्रम माहितीपुस्तकात दिलेले असतात आणि ते पाहिल्याशिवाय हात लावू नये. नारिंगी रंगाच्या जाड तारांना तर कोणीही, अगदी गावातील चांगल्यातल्या चांगल्या मेकॅनिकनेही, त्याचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय स्पर्श करू नये. काही गाड्यांत मागील आसनाजवळ मोठ्या बॅटरीसाठी हवा ओढणारी जाळी असते, तिच्यावर पिशव्या आणि गोणपाट रचू नयेत.

गाडी उभी करण्याच्या बटणांबाबतही गोंधळ आहे. ‘पी’ आणि हँडब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पी’ने गिअरच्या चाकात एक लहानसा खिळा अडकतो. हँडब्रेक मागील चाकांचे ब्रेक आवळतो. उतारावर आधी हँडब्रेक लावावा आणि मग ‘पी’, म्हणजे सारा भार त्या लहान खिळ्यावर येत नाही. विजेवर चालणाऱ्या हँडब्रेकचे बटण बहुधा वर ओढले की लागते आणि ब्रेक दाबून खाली दाबले की सुटते. त्याच्या शेजारी ‘होल्ड’ असे लिहिलेले आणखी एक बटण असते. ते लावले असता थांबलेली गाडी ब्रेकवरचा पाय उचलल्यावरही जागीच राहते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच निघते. खोळंब्यात ही सोय उत्तम आहे, परंतु ‘होल्ड’च्या भरवशावर गाडीतून उतरणे अत्यंत धोक्याचे आहे. तो हँडब्रेक नाही.

काही हायब्रिड गाड्यांत दांडा सोडला की तो आपोआप मधल्या जागी परत येतो. २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये अशीच मांडणी होती आणि ‘पी’साठी वेगळे बटण होते. अशा दांड्याकडे पाहून गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे ते कळत नाही. ते डॅशबोर्डवरच वाचावे लागते. याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे २०१६ साली अमेरिकेत दिसले. मूळ जागी परतणाऱ्या दांड्यामुळे ‘पी’ लागला आहे अशा समजुतीने चालक गाडीतून उतरत आणि गाडी सरके. त्यामुळे फियाट क्रायसलर कंपनीला जगभरातील ११ लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या गाड्या हायब्रिड नव्हत्या, परंतु प्रश्न तोच होता.

सुरू करण्याच्या बटणाचीही अशीच एक दुःखद नोंद आहे. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एका लेक्सस गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पायाखालच्या जाजमात अडकला आणि गाडी भरधाव वेगाने जाऊन चार जणांचा मृत्यू झाला. ती गाडी विक्रेत्याने तात्पुरती वापरायला दिलेली होती. ती बटणाने सुरू होणारी होती आणि धावत असताना बंद करायची असेल, तर बटण तीन सेकंद दाबून धरावे लागत असे. ज्या माणसाच्या हातात ती गाडी काही तासांसाठी आली, त्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आज टोयोटाच्या गाड्यांत संकटप्रसंगी ते बटण दोन सेकंदांहून अधिक दाबून धरले किंवा लागोपाठ तीन वेळा दाबले, तरी गाडी बंद होते. इतर कंपन्यांत हे प्रमाण थोडे वेगळे असू शकते, म्हणून प्रत्येकाने आपापल्या गाडीचे पाहून ठेवावे. साध्या किल्लीच्या गाडीत हे कोणाला शिकवावे लागत नव्हते, किल्ली फिरवली की झाले. बटणाच्या गाडीत ते शिकवावेच लागते आणि तेही संकट येण्यापूर्वी.

आवाज नसल्यामुळे उलटी चूकही होते: गाडी बंद केली असे समजून ती ‘रेडी’त तशीच ठेवली जाते. किल्ली खिशात असते, गाडी शांत असते, माणूस घरात निघून जातो आणि बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते. घराला लागून असलेल्या बंद गॅरेजमध्ये हे घडले, तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. किल्लीविना सुरू होणाऱ्या गाड्यांमुळे अमेरिकेत असे मृत्यू झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील पायाभूत सुविधांच्या कायद्यात, अशा गाड्यांचे इंजिन ठरावीक वेळानंतर आपोआप बंद व्हावे यासाठी नियम करण्याचे निर्देश दिले गेले. आपल्याकडे बंद गॅरेजे कमी असली, तरी बंगल्यांच्या खाली आणि इमारतींच्या तळघरांत गाड्या उभ्या असतातच. उतरताना ‘पी’, हँडब्रेक, बटण आणि मग ‘रेडी’ विझल्याची खात्री, हा क्रम घरातील प्रत्येकाला पाठ असला पाहिजे.

हे सर्व फार अवघड आहे, असा समज या पत्राने होऊ नये. नियंत्रणांची मांडणी बदलण्याची ही पहिली वेळ नाही. १९०८ ते १९२७ या काळात विकल्या गेलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तीन पेडल होती खरी, परंतु डावे पुढच्या गिअरचे, मधले मागे जाण्याचे आणि उजवे ब्रेकचे होते. अ‍ॅक्सिलरेटर हाताने हलवायचा असून तो स्टिअरिंगखाली होता. आजच्या चालकाला ती गाडी फाटकाबाहेर काढता येणार नाही. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर हा क्रम हळूहळू सर्वमान्य झाला आणि त्यानंतर कोणतीही गाडी कोणालाही चालवता येऊ लागली. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांत आपण सध्या त्या मधल्या काळात आहोत. एका कंपनीत ‘पी’ दांड्यावर, दुसरीत बटणावर. एकीत ‘बी’, दुसरीत खटके. मांडणी एकसारखी होईपर्यंत समजावून सांगण्याची जबाबदारी जी कंपनी गाडी विकते तिच्यावर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक हायब्रिड गाडीबरोबर मराठीत छापलेली, दोन पानांची का होईना, माहितीपत्रिका दिली जावी. डॅशबोर्डवरील अक्षरे बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही. ‘बी’ला ‘बी’च राहू द्यावे, कारण चालक उद्या दुसऱ्या राज्यातील किंवा दुसऱ्या कंपनीची गाडीही चालवणार आहे. पण त्या अक्षराचा अर्थ त्याला त्याच्या भाषेत आणि कारणासह कळला पाहिजे. नुसते भाषांतरही चालणार नाही. ‘पुनरुत्पादक गतिरोधन’ असे छापून ठेवले, तर ते इंग्रजीपेक्षाही अवघड होईल. “उतारावर गाडी स्वतः वीज भरते” असे लिहावे. ताबा देताना अर्धा तास प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवून दाखवावी आणि जो माणूस ती रोज चालवणार आहे, तो मालक असो की पगारी चालक, त्याला शेजारी बसवावे. आपल्याकडे मोठ्या हायब्रिड गाड्या बहुधा चालकांच्याच हाती असतात आणि ताबा घेण्याच्या समारंभात त्यांना छायाचित्रातही उभे करीत नाहीत.

शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत रस्त्यावरील चिन्हे विचारली जातात. त्यांत डॅशबोर्डवरील दोन-तीन चिन्हे घालणे परिवहन खात्याला कठीण नाही. वाहनांची चाचणी घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. कंपन्यांचे कारखाने पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर परिसरात आहेत. आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. मराठीतून एक चांगली, अचूक पत्रिका तयार करण्यासाठी लागणारे ज्ञान आणि माणसे याच राज्यात आहेत. आपल्या वृत्तपत्रानेही वाहनविषयक मजकुरात प्रत्येक वेळी एका बटणाची माहिती द्यावी, अशी विनंती करतो. ती चित्रासह दिल्यास लोक कापून गाडीत ठेवतील.

आमच्या घरापुरते मी हे काम केले आहे. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत नऊ ओळी लिहून तो समोरच्या कप्प्यात ठेवला आहे. पहिली ओळ ‘रेडी’ या हिरव्या दिव्याची आहे आणि तो शब्द, ओळखता यावा म्हणून, गाडीत दिसतो तसाच काढला आहे. मोटारसायकलीची दुरुस्ती मी करून दिली. ते चालक त्यानंतर दोनदा आंबेनळी घाटाने आम्हाला पोलादपूरपर्यंत घेऊन गेले. दुसऱ्या खेपेस प्रतापगडाच्या फाट्याच्या पुढे त्यांनी कोणी न सांगता दांडा ‘बी’वर घेतला. इंजिनाचा आवाज वाढला, तेव्हा मागे बसलेल्या माझ्या सुनेला त्यांनीच त्याचे कारण समजावून सांगितले.

कळावे,

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, सातारा